डावा हात कुणाचा

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी एकनाथरावांनी दाढी केली ती अर्धीच. उजवा गाल गुळगुळीत झाला आणि डावीकडचा फेस तसाच राहिला, जणू नाकाच्या मधोमध कुणी रेघ आखून दिली होती. आरसा त्रिवेणीबाईंनी धरला होता. त्या जरा थांबल्या, त्यांना वाटलं हात दुखला असेल, दम घेत असतील. पण एकनाथरावांनी रेझर मगातल्या पाण्यात खळबळला, टॉवेलने उजवा गाल टिपला आणि म्हणाले, "झालं. काढ आरसा."

"अहो, इकडची बाजू राहिली."

"कुठली?"

"डावी."

त्यांनी आरशात पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "झाली की. तुझाच नंबर वाढलेला दिसतोय. दुकानात ये एकदा, तपासून देतो."

नंबराचं बोलणं त्यांच्या तोंडात नेहमीचंच. सुलतान बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, छत्तीस वर्षांचं. वडिलांनी मुखेडजवळची शेती थोरल्याच्या हवाली करून धाकट्याला शिकायला हैदराबादेत आणलं आणि तो इथलाच झाला. गिऱ्हाइकाचा नंबर बदललेला नसला तर एकनाथराव नवा चष्मा करूच देत नसत. "जुनाच घाला, पुढच्या वर्षी या," म्हणून परत पाठवत. बायकोने नवी साडी नेसून कशी दिसते विचारलं तरी जे वाटेल तेच सांगत, आणि मग दोन दिवस घरात अबोला. त्रिवेणीबाई माहेरच्या माणसांपुढे म्हणायच्या, आमच्या ह्यांना खोटं बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.

म्हणूनच त्या शनिवारी गौसभाईंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

गौसभाईंचं बांगड्यांचं दुकान शेजारीच. सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्यांना काच फुटल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर एकनाथराव फ्रेम उजव्या हातात धरून बसलेले, डावा हात मांडीवर उताणा पडलेला आणि पायाशी काचेचे तुकडे. तोंड एका बाजूला जरासं ओघळल्यासारखं वाटत होतं.

"क्या हुआ सेठ?"

"कुछ नै हुआ."

दुपारी डबा उघडला. उजव्या बाजूची भाजी खाल्ली, डावीकडची पोळी तशीच ठेवून डबा बंद केला. गौसभाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तीन वाजता एकनाथराव उठायला गेले आणि काउंटर आणि भिंतीच्या मधल्या फटीत कोसळले. रिक्षातून हिमायतनगरच्या एका हॉस्पिटलात आणेपर्यंत चार वाजले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथं साडेपाच तास होऊन गेले होते. मोठी तपासणी करून नळी घालून गुठळी काढता येते का तेही पाहिलं, पण मेंदूचा तो भाग तोवर गेलेला होता.

कॉरिडॉरमध्ये गौसभाई डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत उभे होते. "भाभी, मैं चार बार पूछा. चारों बार बोले, कुछ नै हुआ. सेठ कभी झूट बोले क्या? मैं कैसे नै मानता?"

त्रिवेणीबाईंनी त्यांना बाकावर बसवलं.

डॉक्टर अनुराधा पुण्याच्या. चाळिशीच्या असतील. मराठी माणसं दिसली की त्या खुर्ची ओढून बसत. चारुलता, म्हणजे एकनाथरावांची एकुलती एक मुलगी, गच्चीबावलीहून ऑफिस सोडून धावत आली होती. तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

"डॉक्टर, बाबांनी सांगितलं का नाही? हात चालत नाही हे त्यांना समजलं नसेल का? आय मीन, हाऊ इज दॅट पॉसिबल?"

"नाही समजलं," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते. तिथून निघालेल्या नसा मानेच्या जरा वर एकमेकींना ओलांडून दुसरीकडे उतरतात. काकांच्या उजव्या बाजूचं रक्त बंद झालं, म्हणून डावा हातपाय गेला. पण त्याच बाजूला आणखी एक काम चालतं. आपलं अंग कुठं आहे, कसं आहे, याची खबर ठेवायचं. खबर ठेवणारी जागाच गेली, तर हात गेला हे त्यांना सांगणार कोण?"

"म्हणजे ते मान्य करत नाहीयेत."

"मान्य करायला आधी कळावं लागतं ना. त्यांना कळतच नाहीये. त्यांच्या हिशेबी हात शाबूत आहे."

मग डॉक्टर पलंगाशी गेल्या. "काका, टाळी वाजवून दाखवता?"

एकनाथरावांनी उजवा हात उचलला, छातीपुढे मधोमध हवेत हलवला आणि खाली ठेवला. डावा हात चादरीवर जिथं होता तिथंच पडून होता.

"वाजवली?"

"हौ."

"ऐकू आली?"

"म्हणजे काय. तुम्हाला नाही आली?"

एका हाताने टाळी वाजत नाही, हे त्रिवेणीबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्या वळून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्या पहिल्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. खोलीत बसायला एकच स्टूल, खिडकीखाली, पलंगाच्या डाव्या बाजूला. त्या तिथं बसून असायच्या. आणि एकनाथराव येणाऱ्या नर्सला, वॉर्डबॉयला, चारूला विचारायचे, "त्रिवेणी कुठं गेली? घरी गेली का?" त्या म्हणायच्या, "मी इथंच आहे हो." ते आवाजाच्या रोखाने उजवीकडेच मान वळवत, दाराकडे बघत, आणि पुन्हा विचारत. त्यांना वाटलं होतं, ह्यांचा माझ्यावर कसला राग आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. डोळे चांगले होते. डोळ्यांना डावीकडचं दिसत होतं, पण मेंदू तिकडे फिरकतच नव्हता. डावीकडे जग आहे हेच त्याच्या गावी नव्हतं. त्यांनी स्टूल उचलून उजवीकडे आणलं. एकनाथराव म्हणाले, "आलीस का? किती वेळ लावला."

पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना हात दिसला. नर्स कूस बदलून देत होती, तेव्हा डावा हात त्यांच्या पोटावर येऊन पडला. त्यांनी तो उजव्या हाताने चाचपला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कुणाचा आहे?"

"तुमचाच," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"माझा नाही. केवढा जड आहे. दादाचा असेल."

दादा म्हणजे मुखेडचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"अहो, दादांना जाऊन किती दिवस झाले..."

"ते मला माहीत आहे. पण हात इथं टाकून गेला ना तो. पुतण्यांना फोन कर, म्हणावं येऊन घेऊन जा. मला झोपू देत नाही."

ते वेडाच्या भरात बोलत नव्हते, हेच त्रिवेणीबाईंना सोसेना. आवाज नेहमीचा. डोळ्यांत नेहमीचा शहाणपणा. त्याच तोंडाने त्यांनी थोड्या वेळापूर्वी मुख्य नर्सचा चष्मा नाकावर घसरतोय म्हणून फ्रेमची काडी कानामागे किती वाकवायची ते बरोबर सांगितलं होतं.

चारूने तिच्या परीने प्रयत्न केला. तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यांना हात वर करायला सांगितला आणि तोच दाखवला. "बघा बाबा. उजवा वर गेला. डावा गेला का? खरं सांगा."

"त्या वेळी मी दमलो होतो."

"दोन मिनिटांपूर्वीचं आहे!"

"मग तू म्हणालीस म्हणून उचलला नसेल. सारखं काय लहान पोरासारखं हात वर, हात खाली."

"बाबा, प्लीज! जस्ट लुक ॲट इट!" तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. एकनाथराव मुलीकडे चकित होऊन बघत राहिले. मग त्रिवेणीबाईंना हळूच म्हणाले, "हिला ऑफिसात फार त्रास आहे का गं?"

चारू बाहेर जाऊन रडली. त्रिवेणीबाईंनी तिला जवळ घेतलं. "खोटं बोलतात गं," चारू हुंदके देत म्हणत होती, "बाबा खोटं बोलतात."

नंतर डॉक्टर म्हणाल्या, "नाही, ते खोटं बोलत नाहीत. मेंदूला रिकामी जागा चालत नाही. माहिती आली नाही की तो आपल्याच मनाने काहीतरी भरून टाकतो, आणि भरलेलं त्याला खरंच वाटतं. तुमच्या-माझ्यातही हे चालतं, फक्त आपल्याला दुरुस्त करणारी बाजू जागी असते."

बाराव्या दिवशी ते पडले. दुपारी त्रिवेणीबाई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. एकनाथरावांनी पलंगाचा कठडा उजव्या हाताने काढला आणि दुकान उघडायला निघाले. पाय टेकला, दुसरा टेकलाच नाही. ओठ फाटला, चार टाके पडले. फिजिओथेरपीच्या मुलीने तर हातच टेकले होते. ती म्हणे, आन्टी, अंकलला मी काय शिकवू? ते म्हणतात मला काही झालेलंच नाही, व्यायाम कशाला करू.

त्या संध्याकाळी डॉक्टर अनुराधांनी त्रिवेणीबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. चारूही होती.

"एक प्रयोग करून बघता येईल," त्या म्हणाल्या. "उपचार नाही, हे आधीच सांगते. डाव्या कानात बर्फासारखं गार पाणी सोडायचं. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक अवयव असतो, तो गारव्याने खवळतो आणि मेंदूच्या त्या झोपलेल्या बाजूला जोराचा धक्का बसतो. काही पेशंट तेवढ्यापुरते भानावर येतात. सगळे येत नाहीत. आले तरी टिकत नाही."

"किती वेळ?" त्रिवेणीबाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं. पंधरा. चक्कर येईल, उलटीही होईल."

"मग करायचं कशाला?" चारू म्हणाली.

"आत खबर पोचलीच नाही, की पोचून कुठं अडकली आहे, ते समजेल. पुढची दिशा ठरवायला मला उपयोग होईल. पण तुमची तयारी नसेल तर राहू दे."

त्रिवेणीबाईंनी फक्त त्या दहा मिनिटांचा विचार केला. दिशेबिशेचं त्यांच्या डोक्यात गेलंच नाही. बारा दिवस झाले, आपला माणूस भानावर येऊन आपल्याशी बोलला नव्हता. त्या म्हणाल्या, "करा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला डॉक्टर आल्या. कानाचा पडदा नीट आहे ना ते पाहिलं. एकनाथरावांना सांगितलं, की कानात पाणी सोडणार आहोत, जरा गरगरेल. ते म्हणाले, "मळ फार झालाय का?" पलंगाचं डोकं थोडं उंच केलं. डॉक्टरांनी त्रिवेणीबाईंना मुद्दाम डावीकडे उभं राहायला लावलं आणि कानाखाली धरायला स्टीलचा ट्रे दिला.

सिरिंजमधलं पाणी कानात गेलं तसे एकनाथराव शहारले. थोड्या वेळाने त्यांचे डोळे आपोआप हलायला लागले, हळूच डावीकडे सरकायचे आणि झटक्यात परत यायचे. "घेरी येतेय," म्हणून त्यांनी उजव्या हाताने चादर घट्ट धरली. ओकारी आली. मग डोळ्यांची हालचाल मंदावत गेली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"काका, डावा हात उचला बघू."

एकनाथरावांनी दात आवळून जोर लावला. मग म्हणाले, "उचलत नाही."

त्रिवेणीबाई ट्रे घेऊन आणखी पुढे सरकल्या.

"केव्हापासून?"

"शनिवारपासून. काच बसवत होतो, सुटली हातातून." त्यांनी मान डावीकडे वळवली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि चादरीवरच्या हाताकडे पाहिलं. "दुपारी उठलो, तेव्हा पाय पण गेलेला होता."

सगळं ठाऊक होतं. तेरा दिवसांतला दिवस न् दिवस आत कुठंतरी लिहिलेला होता.

"हा हात कुणाचा, काका?"

"माझाच आहे. दुसऱ्या कुणाचा असणार?" मग त्यांची नजर हातावरून वर गेली. "त्रिवेणी. तू ह्या बाजूला होतीस होय?"

"हौ." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. काय काय बोलायचं त्यांनी रात्रभर ठरवलं होतं.

"मला लकवा झाला का गं?"

"झाला."

"बरा होईल का, डॉक्टर? खरं सांगा. मी गिऱ्हाइकाला खरं सांगतो."

डॉक्टर खाली वाकल्या. "पाय बराच सुधारेल, मेहनत केलीत तर. हाताचं सांगता येत नाही. पण आता तुम्हाला जे कळतंय ते थोड्या वेळाने पुन्हा जाईल. तुम्हाला वाटेल काही झालंच नाही."

एकनाथरावांना ते समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा पडला, उजव्या बाजूने तेवढा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी उजवा हात अंगावरून पलीकडे नेला आणि त्रिवेणीबाईंचं मनगट धरलं.

"मग तू मला सांगत जा. रोज सांग. मी ऐकलं नाही, चिडलो, तरी सांग. मला असं येड्यासारखं ठेवू नको."

"सांगीन."

"कबूल?"

"कबूल. चारू ऐकतेय बघा."

चारू पायाशी उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती. एकनाथराव तिच्याकडे बघून म्हणाले, "बेटा, परवा तू मोबाईलवर दाखवलंस ना, ते..." आणि थांबले. मनगटावरची पकड ढिली झाली. नजर हळूहळू मधे आली, मग उजवीकडे गेली, दारापाशी जाऊन थांबली.

"ते काय, बाबा?"

"काय?"

"मी मोबाईलवर दाखवलं ते..."

"काय दाखवलंस? रडतेस कशाला?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुझी आई कुठं आहे? कान साफ केला म्हणून सांग तिला. आता चांगलं ऐकू येतंय."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं झाली होती. ट्रे हातात धरून त्रिवेणीबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

चार दिवसांनी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, पुन्हा एकदा कराल का? विचारताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. डॉक्टर म्हणाल्या, "करता येईल, काकू. पण त्यांना प्रत्येक वेळी लकवा नव्याने होईल." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकनाथराव घरी आले. नारायणगुड्यातला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. ते चौघांना वाटभर सांगत होते, मला चालता येतं, ही बाई उगाच हौस करते.

आणि त्रिवेणीबाईंनी कबूल केल्याप्रमाणे सांगायला सुरुवात केली. रोज सकाळी चहा देऊन झाला की त्या समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, तुम्हाला लकवा झालाय. डावा हात आणि पाय चालत नाही." पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काय हा अभद्रपणा. आठवड्याने चहाचा कप भिरकावला.

"तूच मला सांगायला लावलंत," त्या म्हणाल्या. बोलताना 'तू' आणि 'तुम्ही' एक झालं. "हॉस्पिटलात. माझा हात धरून."

"मी? कधी?"

वचन मागणारा तेवढ्या बारा मिनिटांपुरताच आला होता.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून गौसभाई भेटायला यायचे. एकनाथराव त्यांना म्हणाले, "गौस, ये औरत मेरेकू घर में बंद करके रखी. दुकान को जाने नै देती. सुबे सुबे बोलती, तुम लंगडे हो." गौसभाईंनी मान खाली घातली. त्रिवेणीबाई शिऱ्याची बशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बशी टेबलावर ठेवली आणि आत जाऊन नळ सोडून ठेवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "काकू, नुसतं सांगून कळणार नाही. सांगितलेलं शिरायला आत जागा लागते, आणि ती तिच्या वेळेने तयार होईल. वाद घालू नका. डाव्या बाजूने बोला, डावा हात चोळत राहा, ताट जरासं फिरवून ठेवा."

"किती दिवस?"

"तसं ठरवून नाही सांगता येत."

एक दिवस त्यांनी सांगितलं नाही. चहा दिला आणि गप्प बसल्या. तो दिवस फार चांगला गेला. एकनाथराव दोनदा हसले, अफझलगंजच्या जुन्या बसस्टँडवर लहानपणी आपण कसे हरवलो होतो ते सांगितलं, पोटभर जेवले. दुपारी त्यांना शांत झोप लागली. त्रिवेणीबाई शेजारी बसून विचार करत राहिल्या, की आपण आज दगा दिला तो कुणाला? दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं. एकनाथरावांनी पुन्हा शिव्या दिल्या.

दहाव्या आठवड्यात, एका साध्या दुपारी, ते घडलं. एकनाथराव सोफ्यावर बसले होते. त्रिवेणीबाई स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होत्या. टीव्ही बंद होता. त्यांनी पाहिलं, एकनाथरावांनी उजव्या हाताने डावं मनगट पकडून वर उचललं आणि सोडून दिलं. हात धपकन मांडीवर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा सोडला. पाच-सहा वेळा. अडकलेली फ्रेम तपासतात तसा त्यांचा चेहरा झाला होता, शांत, लक्षपूर्वक.

"त्रिवेणी."

"हौ?"

"हा उचलत नाही."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "नाही उचलत."

"पाय पण."

"हौ."

"कधीपासून?"

"अडीच महिने होत आले."

एकनाथराव हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते त्रिवेणीबाईंनी संसाराच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अडीच महिने! आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

सत्तेचाळीस सकाळी सांगितल्याचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. कप, शिव्या, गौसभाईंच्या पुढ्यातलं ते बोलणं, सगळं आलं होतं. त्या उठून आल्या, त्यांच्या पायाशी फरशीवर बसल्या.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "सांगायला पाहिजे होतं."

चारूला फोनवर सांगितलं तर ती आनंदाने ओरडलीच. डॉक्टर म्हणाल्या, ही फार मोठी सुधारणा आहे, आता व्यायाम लागू पडेल. दोघींचंही खरं होतं. फिजिओच्या मुलीने महिनाभरात त्यांना काठी धरून उभं केलं, मग बैठकीच्या खोलीत चालवलं. पाय थोडाफार आला. हात आला नाही, बोटं मुडपत गेली. पण ज्या माणसाला कशाचीच फिकीर नव्हती, तो आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. गौसभाई आले की झोपल्याचं सोंग करी. लघवीला न्यायला बायको लागते म्हणून पाणी कमी प्यायचा. एकदा त्यांनी विचारलं, "मी ह्या दिवसांत काय काय बोललो तुला?" त्या म्हणाल्या, "काही नाही. बरेचदा झोपूनच होता." त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. डॉक्टरांनी मनासाठी एक गोळी सुरू केली. तिने झोप यायला लागली, एवढंच.

जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, जिना उतरायची सवय करा, घरात कोंडून राहू नका. एका मंगळवारी सकाळी दोघं निघाले. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. त्रिवेणीबाई एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून, दोन्ही हात पुढे धरून. पहिला टप्पा उतरून झाला. दुसऱ्या टप्प्याच्या मधोमध एकनाथराव थांबले.

"काय झालं?"

"पाय थरथरतोय."

"डावा?"

"उजवा."

चांगला पायच लटलटत होता. त्या घाबरल्या, पण दाखवलं नाही. कठड्याला धरून त्यांना कसंबसं पायरीवर बसवलं आणि शेजारी बसल्या. खाली वॉचमन यादय्याला हाक मारली, तो जागेवर नव्हता. चारू ऑफिसात. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई भाजीची पिशवी घेऊन वर आल्या, "अय्यो, बाबाय," असं काकांसाठी हळहळत बाजूने वाट काढून गेल्या आणि पाण्याची बाटली आणून ठेवून गेल्या. जिन्याच्या खिडकीतून ऊन पायऱ्यांवर आलं होतं. रस्त्यावर कुणीतरी जुना फ्रिज, जुना कूलर असं ओरडत गेलं.

"आधी भीती वाटत नव्हती गं," एकनाथराव म्हणाले. "म्हणजे वाटली नसेल. मला आठवत नाही."

"नव्हती वाटत."

"मग ते बरं होतं की हे?"

त्रिवेणीबाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, त्यांना दोन घोट पाजले, हनुवटीवर सांडलेलं पदराने टिपलं. पाय अजून थरथरत होता. त्यांनी त्यावर तळवा दाबून ठेवला.

बऱ्याच वेळाने पाय थांबला.

"निघायचं?" त्रिवेणीबाईंनी विचारलं. "वर जाऊ या की खाली?"

एकनाथरावांनी वर पाहिलं, मग खाली. दोन्हीकडे सारख्याच पायऱ्या होत्या.

"तूच सांग," ते म्हणाले.

त्यांनी कठड्यावर हात ठेवला, पण उठल्या नाहीत. त्यांनाही ठरवता येईना.